किडनीचा आजार वेळीच कसा ओळखाल

कंबर धरली की किडनीची धास्ती वाटते, पण ते दुखणं बहुधा स्नायूंचं नाहीतर मणक्याचं असतं. किडनी न दुखता खराब होत जाते. म्हणून लक्ष ठेवायचं ते लघवी, सूज आणि रक्तदाबावर.

सकाळची पहिली लघवी पाहा. जोराच्या धारेने येणारा फेस लगेच विरतो. दाट फेस काही मिनिटं तसाच राहत असेल आणि हे चार-पाच दिवस रोज होत असेल, तर लघवीतून प्रथिनं जात असावीत. बीट खाल्लेलं नसताना लघवी लाल किंवा कोऱ्या चहासारखी दिसली तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

संध्याकाळी घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबा. खड्डा राहिला तर अंगात पाणी साठतंय. हृदय किंवा यकृताच्या आजारातही असं होतं. पण सकाळी डोळ्यांभोवतीही सूज असेल तर किडनी तपासायलाच हवी.

मधुमेह जुना असेल तर एक फसवं लक्षण लक्षात ठेवा. साखर वारंवार उतरू लागते, इन्सुलिन कमी लागतं आणि घरच्यांना वाटतं, शुगर बरी झाली. खरं तर थकलेल्या किडनीमुळे इन्सुलिन अंगात जास्त वेळ टिकून राहतं.

मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी लक्षणांची वाट न पाहता वर्षातून एकदा दोन तपासण्या कराव्यात: रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंत तयार होणारा, किडनीने गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ) आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण (अल्ब्युमिन हे एक प्रथिन). उसाच्या फडात उन्हात राबून अंगदुखीला वरचेवर डायक्लोफिनॅक घेणाऱ्यांनीही त्या कराव्यात. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ही गोळी किडनीचा रक्तपुरवठा आणखी घटवते. तपासणीसाठी रक्त द्यायच्या आदल्या रात्री मटण आणि तांबडा-पांढरा रस्सा नको, शिजलेल्या मांसामुळे क्रिएटिनिन तात्पुरतं वाढतं. तालमीतल्या पैलवानाचं ते मुळातच जास्त असू शकतं. उलट, किरकोळ अंगाच्या आजीचं १.२ 'नॉर्मल' छापून येतं, तरी किडनीचं काम अपुरं असू शकतं. त्यामुळे रिपोर्टमध्ये ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा अंदाजे आकडा, मागून घ्या. तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली, किंवा लघवीतलं प्रमाण तितकाच काळ ३० किंवा त्याहून जास्त राहिलं, तर तो किडनीचा जुनाट आजार धरतात. तापात किंवा मासिक पाळीत लघवी तपासू नका, आकडा फसवतो.

लघवी जवळपास बंद झाली, आडवं पडल्यावर धाप लागली, किंवा उलट्यांसोबत गुंगी आली, तर सकाळपर्यंत थांबू नका. थेट कोल्हापूरचं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.