ट्रायलमध्ये नाव येत नाही? या चुका टाळा

"सर, माझ्या लेकराला कामून घेतलं नाही?"

ट्रायल म्हणजे निवड चाचणी झाली आणि जिल्ह्याच्या क्रिकेट संघाची यादी लागली की संध्याकाळपर्यंत असे आठ-दहा फोन येतात. पलीकडचा बाप कधी चिडलेला असतो, कधी गळा दाटून आलेला. उत्तर त्याने मनाशी ठरवलेलंच असतं: वशिला. वशिल्याने नाव लागलेलं मीही पाहिलंय आणि त्या रात्री मला झोप लागलेली नाही. पण परभणीत इतकी वर्षं पोरांना शिकवल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगतो. बहुतेक पोरांची विकेट ट्रायलच्या आधीच्या दहा महिन्यांत, आपल्याच मैदानावर पडलेली असते. तिथे काय चुकतं ते लिहितोय, कारण तेवढं दुरुस्त करणं तरी आपल्या हातात आहे.

नेट भरपूर, सामने नाहीत

सगळ्यात मोठी चूक ही, म्हणून हिच्यावर जास्त लिहितो. आपल्याकडची अकादमी म्हणजे दोन-तीन नेट आणि चाळीस पोरं. प्रत्येकाला दहा मिनिटं बॅटिंग. त्या दहा मिनिटांत पोरगं तीनदा बोल्ड होतं, दोनदा स्लिपच्या हातात जाईल अशी कड लागते, तरी ते स्टंपसमोर उभंच. बाहेर आल्यावर विचारा, "कसं झालं रे?" "भारी झालं सर, दोन बाहेर टाकले." आऊट होण्याची किंमत त्याला कधी मोजावीच लागत नाही. मग ट्रायलच्या सामन्यात तिसऱ्या चेंडूवर परत येतं आणि बाप म्हणतो, नेटमध्ये तर चांगलं खेळत होतं.

आमच्याकडे आता रविवारी नेट लावतच नाही. पोरांचे दोन संघ पाडतो आणि दिवसभर सामना. महिन्यातून एकदा दोन दिवसांचा, कारण पन्नास-साठ षटकं क्षेत्ररक्षण करून मग पॅड बांधायची सवय दुसऱ्या कशाने लागत नाही. जो लवकर आऊट होतो तो सावलीत मोबाईल बघत बसत नाही, स्कोअरबुक लिहितो. दुसऱ्याचे चेंडू मोजताना आपण कुठे घाई केली ते त्याला आपोआप दिसतं. इतर दिवशी नेटमध्ये साधा नियम: आऊट झालास की बाहेर, उरलेली मिनिटं उद्या. पहिल्या आठवड्यात पोरं रडतात, दोन पालक भांडायला येतात. तिसऱ्या आठवड्यात ऑफस्टंपबाहेरचा चेंडू सोडायला लागतात.

आणि डाव कसा सुरू करायचा तेही बदला. प्रत्येक वेळी शून्य बाद शून्यावरून कशाला? बीडचा सचिन धस २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात खेळायला आला तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या २४४ धावांपुढे भारताची अवस्था ४ बाद ३२ होती. कर्णधार उदय सहारनसोबत त्याने १७१ धावा जोडल्या, स्वतः ९६ केल्या आणि सामना निघाला. ती परिस्थिती मी आमच्या मॅटवर, म्हणजे मुरमावर ताणलेल्या चटईच्या विकेटवर, मांडतो. बोर्डावर ४ बाद ३२ लिहितो आणि दोन पोरांना आत पाठवतो. चौदा वर्षांचं पोरगं अशा वेळी एकेरी धाव शोधायला लागतं तेव्हा मला जो आनंद होतो तो कुठल्याच षटकाराने होत नाही. जालन्याच्या विजय झोलने २०११ मध्ये १९ वर्षांखालील कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ केल्या होत्या. त्याला स्ट्रोक कसे येत होते हे सगळे विचारतात. तो किती वेळ उभा होता, हे पोरांना विचारायला शिकवा.

मॅट आणि टेनिस बॉल यांना दोष देऊन थांबणं

टर्फ विकेटला, म्हणजे माती-गवताच्या खेळपट्टीला, रोज पाणी लागतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या आदेशाने आयपीएलचे एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर गेले. ज्या गावात आठ दिवसांआड नळ येतो तिथे विकेटवर पाणी मारा असं मी कुणाला सांगणार नाही. मुरूम दाबून वर मॅट ताणणं हा आपल्या भागाचा प्रामाणिक मार्ग आहे. चूक मॅटवर खेळण्यात नाही. मॅट काय बिघडवते ते ओळखून दुरुस्त न करण्यात आहे.

मॅटवर चेंडू उंच उठतो आणि सरळ बॅटवर येतो. पोरगं मागच्या पायावर बसून राहायला शिकतं. तेच पोरगं टर्फवर गेलं की गुडघ्याएवढ्या उंचीचा चेंडू पॅडवर घेतं. तुमचा मुलगा बाहेर खेळताना सारखा एलबीडब्ल्यू किंवा बोल्ड होत असेल तर आधी हेच तपासा. मोबाईल गोलंदाजाच्या मागे ठेवून वीस चेंडू रेकॉर्ड करा. डोकं ऑफला कलतंय का, पुढचा पाय आडवा पडतोय का, बॅट त्या पायाला वळसा घालून येतेय का? असेल तर समोर दहा-बारा पावलांवर बसून अंडरआर्म चेंडू टाका, पाय चेंडूच्या रेषेच्या किंचित आत ठेवून बॅट सरळ खाली आणायला लावा. रोज पन्नास. ट्रायलच्या आधीच्या महिन्यात मॅट अधूनमधून ढिली सोडा किंवा गुंडाळून ठेवा आणि खालच्या पाणी मारून दाबलेल्या मुरमावर जुन्या चेंडूने थ्रोडाउन द्या, म्हणजे जवळून हाताने चेंडू फेका. खाली राहणारे, थांबून येणारे चेंडू तिथे मिळतात. मात्र हेल्मेटशिवाय नाही, आणि पूर्ण वेगाचा गोलंदाज तर तिथे अजिबात नाही.

टेनिस बॉलचं तसंच. गावोगावच्या चषकांना जाऊ नको असं पोराला सांगून उपयोग नाही, तिथे बक्षीस असतं, गाव बघायला येतं, आणि त्याला तिथेच मोठं झाल्यासारखं वाटतं. पण टेनिसचा चेंडू हलका, तो खालच्या हाताच्या जोरावर आडव्या बॅटने मिडविकेटवरून जातो. लेदरच्या चेंडूवर तोच फटका हवेत चढतो. टेनिसच्या स्पर्धेहून आलेल्या पोराला मी पहिले दोन दिवस फक्त वरच्या हाताने, छोट्या बॅटने खेळवतो. झेल घेतानाही हात ताठ झालेले असतात, तेव्हा झेल आधी कमी अंतरावरून द्या. आणि जिल्ह्याच्या ट्रायलआधीचे तीन आठवडे टेनिस पूर्ण बंद, हे मात्र ठणकावून सांगा.

वेगवान गोलंदाजाला राबवणं

ही चूक मी स्वतः केली आहे. जिंतूरकडच्या एका खेड्यातून एक पोरगं यायचं. चौदा वर्षांचं, उंच, सहज वेग. मी त्याला आठवड्यातून सहा दिवस नेटमध्ये टाकायला लावलं, कारण बॅटिंग करणाऱ्यांना चांगला गोलंदाज हवा होता. शनिवार-रविवारी ते टेनिसच्या सामन्यांत टाकत होतं, ते मला माहीत होतं आणि मी विचारलं नाही. एक दिवस म्हणालं, "सर, कंबर धरती." मी म्हणालो, बाम लाव, स्ट्रेचिंग कर. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी मणक्याचा स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेला बारीक तडा, सांगितला. सहा महिने गेले. पोरगं परत आलं, तो वेग नाही आला.

वाढत्या वयात मणक्याची हाडं अजून पक्की झालेली नसतात आणि गोलंदाजीत कंबरेच्या एकाच बाजूवर पुन्हा पुन्हा ताण येतो. म्हणून वही ठेवा. नेट, सामना, टेनिस, सगळे चेंडू त्यात आले पाहिजेत. इंग्लंडच्या बोर्डाच्या सूचनांत १३ वर्षांखालील वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये (सलग टप्प्यात) ५ आणि दिवसभरात १० षटकं अशी मर्यादा वर्षानुवर्षे होती. आपल्या पोरांचं खाणं आणि आपलं ऊन बघता आपण त्याहून जास्त टाकून घ्यायचं काही कारणच नाही. आठवड्यात तीन, फार तर चार दिवस गोलंदाजी पुरे. कंबरेच्या एका बाजूला दुखतं आणि मागे वाकलं की वाढतं, असं पोरगं म्हणालं तर त्याच क्षणी चेंडू काढून घ्या आणि हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवा. बाम नको.

धाव घेऊन चेंडू टाकताना कंबर आडवी आणि खांदे समोर, अशी मिसळ ॲक्शन असेल तर तीही लहानपणीच सुधारा. संभाजीनगरचा इक्बाल सिद्दीकी २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळला. आपल्या मातीत वेगवान गोलंदाज होतात. ते सतराव्या वर्षापर्यंत धड राहिले पाहिजेत एवढंच आपलं काम आहे.

जन्मतारीख

वय कमी दाखवू नका. १६ वर्षांखालील गटात बीसीसीआय मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय तपासते, आणि खोटं वय पकडलं गेलं तर दोन वर्षांची बंदी होते. शिवाय पोराला आपण खोट्यावर उभं केलं हे त्याला आयुष्यभर माहीत असतं.

पण दुसरी बाजू कुणी बोलत नाही. ज्याचं वय खरं आहे त्याचेही कागद आपल्याकडे जुळत नाहीत. एका कागदावर वडिलांचं नाव एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या. एखाद्या घरात अजून शाळेत लावलेली १ जून चालू असते. ऊसतोडीला गेलेल्या घरातलं लेकरू तर फडावर, परजिल्ह्यात जन्मलेलं, नोंद उशिरा किंवा झालेलीच नाही. पोरगं दहा वर्षांचं असतानाच जन्मदाखला, आधार आणि शाळेचा बोनाफाईड एकमेकांशी ताडून पाहा. ट्रायलच्या आदल्या आठवड्यात तहसीलच्या चकरा मारून काही होत नाही. आणि प्रशिक्षकांनो, उसाचा हंगाम आणि क्रिकेटचा हंगाम एकाच वेळी येतो. दसऱ्यानंतर गैरहजर असलेल्या पोराचं नाव वहीतून खोडण्याआधी घरी जाऊन या. आजीजवळ किंवा वसतिगृहात त्याची सोय होते का बघा. मी अशी दोन पोरं थांबवू शकलो, पाच थांबवता आली नाहीत.

छोट्या वाटणाऱ्या चुका

"पुढच्या वर्षी पण चालेल" म्हणून बारा वर्षांच्या पोराला मोठ्यांची बॅट घेऊ नका. जड बॅट खालचा हात बिघडवते. काश्मीर विलोच्या लाकडाची योग्य मापाची बॅट महागड्या मोठ्या बॅटपेक्षा केव्हाही चांगली. मुलींना मुलांचाच चेंडू देऊ नका. महिलांचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा असतो, पुरुषांचा सुमारे १५६ ते १६३. आणि कृपा करून मुलींना नेटमध्ये सगळ्यात शेवटी, अंधार पडताना बॅटिंग देणं थांबवा.

पुण्याची घाई

एकदा नाव आलं नाही की घर उचलून पुण्याला जायचा विचार सुरू होतो. अकरा-बारा वर्षांच्या लेकराला आईपासून तोडून खोलीवर ठेवायला माझा विरोध आहे. पंधरा-सोळापर्यंत इथेच शिकू द्या, सुट्टीत महिनाभर टर्फवर खेळायला न्या. वाट एकच असते असंही नाही. बीडला जन्मलेल्या संजय बांगरचं महाराष्ट्र आणि मुंबईत जमलं नाही, तो रेल्वेच्या संघाकडून खेळला. २००२ मध्ये इंग्लंडमध्ये हेडिंग्लेला ढगाळ हवेत सलामीला उतरून त्याने ६८ धावा केल्या, द्रविडसोबत १७० ची भागीदारी केली, आणि ती कसोटी भारताने डावाने जिंकली.

राहिला ट्रायलचा दिवस. रात्रभर ट्रॅव्हल्सच्या सीटवर अवघडून बसायचं, पहाटे पाचला उतरायचं, स्टँडवर तोंड धुवायचं आणि नऊला पॅड बांधायचे, असं करू नका. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचा. तीन-चार पालकांनी मिळून एक खोली घ्या, पोरांना संध्याकाळी विकेट लांबून दाखवून आणा, घरून नेलेली भाकरी-चटणी खाऊ द्या आणि नऊला दिवा बंद करा.