बॉल पायथनच्या पेटीतली ऊब : सोलापूरकरांनो, या चुका टाळा

आधी कायद्याचं. नाग, धामण, भारतीय अजगर यांना घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. इथे बोलतोय ते बॉल पायथन या लहान, बिनविषारी आफ्रिकन अजगराबद्दल, आणि त्याचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हीट मॅट, म्हणजे पेटीखाली ठेवायची विजेवर तापणारी चटई, थेट विजेच्या बोर्डात लावणं. मॅटला स्वतःचं तापमान कळत नाही, ती तापतच राहते. आणि साप पोट भाजत असलं तरी बऱ्याचदा तिथून हलत नाही. खवल्यांवर लाल डाग किंवा फोड दिसेपर्यंत खूप उशीर झालेला असतो. म्हणून मॅट घेतली की थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून मॅट चालू-बंद करणारं यंत्र, त्याच दिवशी घ्या. पैसे कमी असतील तर पेटीची सजावट थांबवा, थर्मोस्टॅट नाही. त्याचा प्रोब (तापमान मोजणारं वायरचं टोक) मॅट आणि पेटीचा तळ यांच्यामध्ये घट्ट बसवा. आत मोकळा सोडलेला प्रोब साप ओढतो किंवा पाण्यात पाडतो. मग थर्मोस्टॅटला गार वाटतं आणि तो मॅट तापवतच राहतो.

मॅट पेटीच्या साधारण एक तृतीयांश भागाखालीच हवी. उबदार बाजूचा पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश, गार बाजू २५-२६ अंश, आणि दोन्हीकडे लपायला जागा. लपण एकाच बाजूला असेल तर साप ऊब सोडतो, पण आडोसा सोडत नाही. काचेवर चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर भरवशाचे नसतात, प्रोबवाला डिजिटल घ्या. मॅटवर भुशाचा जाड थर टाकला तर वर ऊब पोचत नाही आणि खाली उष्णता कोंडते. तापणारे दगड आणि पेटीच्या आत उघडा बल्ब अजिबात नको.

पण सोलापुरात खरी परीक्षा मे महिन्यात असते. पारा ४३-४४ वर जातो, स्लॅबखालची खोली रात्रीही तापलेलीच राहते. थर्मोस्टॅट मॅट बंद करू शकतो, पेटी गार करू शकत नाही! थंड देशांतले व्हिडिओ पाहून मांडलेली पेटी इथेच फसते. गार बाजूही ३५ च्या वर राहू लागली की जिवाला धोका आहे. मार्चमध्येच पेटी तळमजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब हलवा. कूलर खोलीत चालू द्या, झोत पेटीवर नको. साप दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसून असेल तर आधी तापमान मोजा.

डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उलटा त्रास. पेटीवर सोलापुरी चादर टाकायची तर तीन बाजूंनीच टाका. जाळीवर, दिव्यावर किंवा सिरॅमिक हीटरवर टाकली तर हवा कोंडते, आगही लागू शकते. रात्री वीज गेली तर निरोगी साप काही तास गारवा सोसतो, पण नुकतं खाल्लेलं असेल तर पचन थांबून तो भक्ष्य ओकू शकतो. वीज जाण्याची शक्यता असेल त्या दिवशी खायला देऊ नका.

तोंड उघडून श्वास घेत असेल किंवा तोंडातून फेस येत असेल, तर पेटीत बदल करत बसू नका, सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांकडे न्या.