एलईडी हेडलाइट गेली? अख्खी असेंब्ली बदलण्याआधी हे तपासा

हॅलोजनच्या गाडीत दिवा उडाला की मागची रबरी टोपी काढायची, एच-फोर बल्ब बदलायचा, काही शे रुपयांत काम संपायचं. आता एलईडी चिप, तिला ठरावीक करंट देणारा ड्रायव्हर, उष्णता बाहेर टाकणारा हीट सिंक, दिवसा पेटणारी डीआरएल, इंडिकेटर, कधी बीम वरखाली करणारी मोटर, हे सगळं एकाच सीलबंद डब्यात असतं. त्यातलं काहीही बिघडलं तरी कोटेशन पूर्ण असेंब्लीचं येतं, आणि बऱ्याच गाड्यांत ते पाच आकडी असतं. नेमका कोणता भाग गेला हे कळल्याशिवाय होकार देऊ नका.

दोन्ही बाजूंचा डिप्पर (लो बीम) एकदम गेला असेल तर दोष बहुधा लाइटमध्ये नसतो. रिले, स्विच, वायरिंग किंवा दिवे चालवणारा गाडीतला कंप्युटर, म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, पाहावं लागतं. एकच बाजू गेली असेल तर त्या बाजूचा फ्यूज बघा. बहुतेक गाड्यांत तो 10 किंवा 15 अँपिअरचा असतो. तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. तोही उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, जाड फ्यूज घालून ते मिटत नाही, वायर जळते.

मग कपलर, म्हणजे लाइटच्या मागे वायरी जोडणारा प्लग. इंजिन चालू, डिप्पर चालू, कपलर जोडलेला. मल्टीमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवून मागच्या बाजूने डिप्परच्या सप्लाय पिनला एक प्रोब लावा, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हला. 13.8 ते 14.4 च्या आसपास व्होल्ट मिळायला हवेत. नंतर एक प्रोब लाइटच्या अर्थिंग पिनवर, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हवर धरा. इथे 0.2 व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंग खराब आहे. बोल्ट उघडून घासून घट्ट केल्यावर ‘मेलेली’ लाइट पेटते, असं पुष्कळदा होतं. पिनांवर हिरवट थर दिसला तर प्रेशर वॉशचं पाणी आत गेलंय. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. उंदरांनी कुरतडलेली वायरही इथेच सापडते. मात्र काही नव्या गाड्यांत लाइटला हुकूम डेटा लाइनवरून जातो, तिथे मीटर काहीच सिद्ध करत नाही. स्कॅनर लावून फॉल्ट कोड वाचून घ्या.

सप्लाय आणि अर्थिंग ठीक, तरी लाइट बंद असेल तर ड्रायव्हरचा संशय घ्या. काही मॉडेलमध्ये तो डब्याच्या खाली बाहेरून तीन-चार स्क्रूंनी बसवलेला असतो आणि सुटा मिळतो. त्यावरचा पार्ट नंबर घेऊन दुकानात विचारा, लाइटचं नाव घेऊन नको. लाइट पेटते पण पंधरा-वीस मिनिटांनी मंदावते, तेव्हा चिप तापून ड्रायव्हर करंट कमी करत असतो. नागपूरच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात हा दोष आधी उघडा पडतो. पंखा असलेल्या लाइटमध्ये तो धुळीने अडकलाय का बघा, हीट सिंकवरची माती ब्रशने काढा.

पावसाळ्यात काचेच्या आत आलेलं धुकं लाइट लावून अर्ध्या तासात विरलं तर काळजी नाही. तळाशी पाणी साचत असेल तर मागची टोपी, तिचं रबर आणि तडे तपासा. हवा खेळायची नळी सिलिकॉनने कधीही बुजवू नका, मग आतली वाफ निघतच नाही.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते तुटलेल्या कानांवर. नागपूरच्या बर्डीच्या गर्दीत बंपरला हलका धक्का लागतो, काच आणि दिवा शाबूत राहतो, फक्त बसवायचा कान तुटतो, आणि बिल मात्र पूर्ण लाइटचं. तुटलेला तुकडा जागेवरून उचलून ठेवा. डब्याच्या मागे प्लास्टिकचा छाप शोधा: बहुतेक पीपी (पॉलिप्रोपिलीन) असतो, पुढे टाल्कचं प्रमाण लिहिलेलं. पीपीवर झटपट चिकटणारा गोंद टिकत नाही. त्याला पीपीच्याच रॉडने प्लास्टिक वेल्डिंग लागतं, आतून गरम स्टेपल बसवले तर जोड आणखी पक्का होतो. काही कंपन्या स्क्रूने बसणारा दुरुस्ती ब्रॅकेट वेगळा विकतात. आधी त्याचीच चौकशी करा.

पिवळी काच पाण्याने ओली करा. ओली असताना स्वच्छ दिसली तर खराबी वरच्या थराची आहे. कडेला टेप लावून 800, 1500, 2000, 3000 असा वॉटर पेपर पाण्यासोबत चालवा. आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा घेऊ नका. मग पॉलिश, आणि शेवटी यूव्ही रोखणारं टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर. हे क्लिअर टाळलं तर काच काही महिन्यांत परत पिवळी पडते. फवारणी सावलीत, सकाळी करा. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, भर दुपारी केली तर फवारा काचेवर पसरण्याआधीच सुकून खरखरीत बसतो. पेट्रोल आणि थिनर लावू नका, पॉलिकार्बोनेटला त्याने बारीक तडे जातात.

इन्शुरन्सचा हिशेब आधी करा. खासगी कारच्या साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात, झिरो डेप असेल तर कापत नाहीत. 1500 सीसीपर्यंत 1000 आणि त्यावर 2000 रुपये सक्तीचे स्वतःचे जातात. क्लेम केला की साधारण 20 ते 50 टक्क्यांचा नो क्लेम बोनसही जातो. लाइट आपोआप बंद पडली असेल तर ती विद्युत बिघाडात मोडते, साधी पॉलिसी पैसे देत नाही.

लाइट काढून परत बसवली की फोकस जुळवावाच लागतो. देवलापारकडे जाणाऱ्या हायवेवर वर चढलेला बीम समोरच्याला आंधळा करतो. सपाट जागी भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी करा, टायरची हवा बरोबर, सीटवर एक माणूस, लेव्हलिंगचा स्विच शून्यावर. लाइटच्या मध्याची उंची भिंतीवर आखा. लाइटवर 1 टक्का छापलेलं असेल तर डिप्परच्या उजेडाची वरची कडा त्या रेषेच्या 10 सेंटीमीटर खाली यायला हवी. बीम वरखाली करणारा स्क्रू पाव-पाव फेराच फिरवा. आपल्याकडे डाव्या बाजूने वाहतूक असल्याने ही कडा डावीकडे वर चढते. जुन्या मालातून आणलेल्या लाइटची कडा उजवीकडे चढत असेल तर ती लेफ्ट हँड ड्राइव्ह देशाची आहे. स्क्रू कितीही फिरवला तरी ती जुळणार नाही, परत करा.