तादामी लाइन करायचीय? मुंबईकरांसाठी प्लॅन

जपानला जाताय आणि बुलेट ट्रेनशिवाय गावाकडची एखादी गाडीही करायचीय, तर डोळे मिटून तादामी लाइन घ्या. फुकुशिमातल्या आइझु-वाकामात्सुपासून निगातातल्या कोइदेपर्यंत १३५.२ किमी, छोटीशी डिझेल गाडी आणि तादामी नदी कधी या खिडकीत, कधी त्या.

टोकियोहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, कोरियामा, तिथून बानएत्सु वेस्ट लाइनने आइझु-वाकामात्सु, आणि आदल्या रात्री मुक्काम तिथेच करा. आपल्याला एक लोकल सुटली की मागून दुसरी येते याची सवय, इथे पूर्ण लाइन पार करणाऱ्या गाड्या दिवसाला फक्त तीन, साधारण पहाटे सहा, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच, निघायच्या आधी चालू टाइमटेबल बघाच. पहाटेचीच पकडा, पाचची घेतली तर ऑक्टोबरच्या शेवटी, म्हणजे ऐन रंगाच्या सीझनमध्ये, बाहेर नुसता काळोख. पूर्ण प्रवासाला साडेचार तासांच्या आसपास लागतात, खाणं-पाणी सोबत घ्या.

जेआर पास, म्हणजे पर्यटकांसाठीचा जपान रेल्वेचा पास, चालतो. पास नसेल आणि मधल्या बिनकर्मचारी स्टेशनवर चढलात तर दाराजवळच्या मशीनमधून नंबराची चिठ्ठी ओढून घ्या, पुढे ड्रायव्हरच्या वर बोर्ड असतो, त्यावर तुमच्या नंबराखाली भाडं दिसतं आणि स्टेशनं जातील तसं ते वाढत जातं. उतरताना चिठ्ठी आणि पैसे ड्रायव्हरशेजारच्या पेटीत टाकायचे. सुटे खिशात हवेतच.

आता ही लाइन इतक्या आत गेली कशी? धरणांमुळे. मधल्या आइझु-कावागुची स्टेशनच्या पुढचा तादामी स्टेशनपर्यंतचा रूळ १९५७ मध्ये तागोकुरा धरणाचं सामान न्यायला टाकला, प्रवासी गाड्या १९६३ पासून, आणि डोंगराखालून ६,३५९ मीटरचा रोकुजुरीगोए बोगदा काढून १९७१ मध्ये दोन्ही टोकं जोडली. वरचा घाटरस्ता हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो म्हणून तोट्यातल्या लाइनी बंद होत होत्या तेव्हा ही वाचली. मग जुलै २०११ च्या पावसात पूल वाहून गेले आणि २७.६ किमी बंद पडले, तब्बल अकरा वर्षं! शेवटी तो तुकडा फुकुशिमा प्रांताने स्वतःकडे घेतला, रूळ सांभाळणार प्रांत आणि गाड्या चालवणार जेआर ईस्ट ही रेल्वे कंपनी, आणि १ ऑक्टोबर २०२२ ला गाडी परत सुरू झाली. त्याच महिन्यात आपली नेरळ-माथेरानही पावसाच्या तडाख्यानंतर परत धावायला लागली होती, त्यामुळे बंद पडलेल्या गाडीची वाट बघणं म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

फोटोंचं म्हणाल तर तो प्रसिद्ध कमानीचा पहिला पूल मिशिमा गावाजवळ आहे, हायवेवरच्या विश्रांतीस्थळामागून पायवाटेने चढलं की वेगवेगळ्या उंचीवर बघायच्या जागा आहेत. बरेच जण कारने येतात, फोटो काढतात आणि ट्रेनमध्ये पाऊलही न ठेवता परत जातात, हे मला अजिबात पटत नाही. फोटो काढा ना, पण तिकीट काढून बसाही, कारण माणसं बसली तरच लाइन टिकणार.

हिवाळ्यात जाणार असाल तर एक दिवस हाताशी जास्तीचा ठेवा, तादामी ते कोइदे पट्टा बर्फामुळे बंद होऊ शकतो. कोइदेला पोचलात की जोएत्सु लाइनने उरासा, आणि तिथून शिनकानसेनने थेट टोकियो, आलेल्या वाटेने मागे फिरायची गरज नाही.