चवीचा पाया: कांदा, गाजर, सेलरी नीट कसं परतायचं

फ्रेंच स्वयंपाकात या मिश्रणाला मिरप्वा म्हणतात. वजनी प्रमाण: दोन भाग कांदा, एक भाग गाजर, एक भाग सेलरी (जाड, करकरीत देठांची हिरवी भाजी). चार जणांच्या सूपला २०० ग्रॅम कांदा, १०० ग्रॅम गाजर, १०० ग्रॅम सेलरी, २ मोठे चमचे तेल किंवा लोणी आणि पाव चमचा मीठ घ्या. हेच बारीक चिरून ऑलिव्ह तेलात परतलं की इटलीचं सोफ्रित्तो, आणि गाजराच्या जागी ढोबळी मिरची आली की अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याची ‘होली ट्रिनिटी’.

किती बारीक चिरायचं ते पुढे किती वेळ शिजणार त्यावर ठरतं. स्टॉकला (भाज्या, हाडं उकळून काढलेल्या पाण्याला) भाज्या शेवटी गाळून टाकायच्याच असतात, म्हणून दोन सेंटीमीटरचे तुकडे चालतात, सूपला अर्धा सेंटीमीटर, सॉसला त्याहूनही बारीक. गाजर उशिरा मऊ होतं, म्हणून ते कांद्यापेक्षा जरा लहान चिरा.

जाड बुडाचं पसरट पातेलं मंद-मध्यम आचेवर ठेवा. तेल तापलं की कांदा आणि मीठ घाला, तीन मिनिटांनी गाजर-सेलरी. मिठाने भाज्यांना पाणी सुटतं, आणि सुरुवातीला तेच हवं असतं. पातेल्यात पाणी आहे तोवर उष्णता १०० अंशांच्या फार वर जात नाही, त्यामुळे भाज्या न करपता मऊ होतात. यात कान फार कामाला येतात. आधी ओलसर फसफस ऐकू येते. पाणी आटलं की तीच बारीक, कोरडी चुरचुर होते आणि तळाशी तेल वेगळं दिसू लागतं. साधारण १० मिनिटांत कांदा पारदर्शक होतो. फिक्या सूपला इथेच थांबा. गडद रश्शाला अजून १५ ते २० मिनिटं द्या आणि मधूनमधून ढवळत राहा. तळाला तपकिरी थर धरला तर दोन चमचे पाणी घालून खरवडून घ्या, खरी चव त्यातच असते. काळा थर मात्र कडू लागतो. तो कडूपणा पुढे कशानेही झाकला जात नाही, तेव्हा पुन्हा नव्याने सुरुवात केलेली बरी.

बहुतेक वेळा बिघडतं ते घाईने. मोठ्या आचेवर कडा करपतात आणि आत कच्चं राहतं. पातेलं गच्च भरलं तर वाफ कोंडते आणि भाज्या परतल्या न जाता उकडतात. टोमॅटो लवकर घालू नका. आंबटपणामुळे कांदा नंतर कितीही शिजवला तरी करकरीत राहतो. लसूण शेवटच्या मिनिटाला घाला.

एका वेळी दुप्पट करून ठेवणं सोयीचं. पूर्ण गार करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि वड्या डब्यात भरा. तीन महिने चव चांगली टिकते. वितळवायची गरज नाही, वडी तशीच गरम पातेल्यात टाका.