प्रौढ पेशींपासून मूलपेशी घडवताना या चुका टाळा

जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात केळीच्या ऊतिसंवर्धनावर हात बसलेली मुले प्राणिपेशींकडे वळतात, तेव्हा निर्जंतुकतेची शिस्त सोबत आणतात आणि एक चुकीची अपेक्षाही. संप्रेरके मिळताच कोंब धरावेत, तशा चार जनुके घालताच त्वचेच्या पेशी मूलपेशी होतील, असे त्यांना वाटते. यामानाका आणि ताकाहाशी या जपानी शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये ऑक्ट-४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक ही चार जनुके वापरून उंदराच्या पेशींत हे घडवले, तेव्हाही फार थोड्या पेशी अखेरपर्यंत पोहोचल्या. कारण डीएनएवरील मेथिल खुणा (जनुके बंद ठेवणारे रासायनिक गट) आणि घट्ट गुंडाळलेले क्रोमॅटिन (प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनए) पेशीची जुनी ओळख सहज सुटू देत नाहीत.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे मूलपेशींत आढळणाऱ्या अल्कलाइन फॉस्फेटेज या विकराच्या रंगचाचणीवरून निकाल देणे. हे विकर फार लवकर चालू होते, त्यामुळे अर्धवट बदललेल्या पेशीही रंगतात. एका प्रयोगशाळेत डॉक्सिसायक्लिन हे औषध माध्यमात असेपर्यंतच चालणारी जनुके वापरली होती. जोडीच्या डिशमधला गडद रंग पाहून वरिष्ठांनी घाई केली आणि वसाहती (एकत्र वाढलेले पेशींचे पुंजके) लगेच गोठवल्या गेल्या. पुढे त्या वाढवून डॉक्सिसायक्लिन थांबवले, तर वसाहतींच्या कडा पसरल्या आणि पेशी पुन्हा त्वचेच्या पेशींसारख्या लांबट झाल्या. मेथिल खुणा दाखवणाऱ्या बायसल्फाइट चाचणीत ऑक्ट-४ आणि नॅनॉग (मूलपेशींत चालू असणारे आणखी एक जनुक) यांच्या प्रमोटरवर, म्हणजे जनुक चालू-बंद करणाऱ्या भागावर, मेथिलेशन तसेच होते. म्हणजे बाहेरची जनुके राबत होती आणि पेशीची स्वतःची बंदच होती. विद्यार्थ्याचे कित्येक महिन्यांचे कष्ट वाया गेले, याचे मला आजही वाईट वाटते. मी डॉक्सिसायक्लिन काढल्यावर टिकलेल्या वसाहतीच उचलतो आणि काही पॅसेजनंतर (पेशी नव्या डिशमध्ये हलवण्याच्या फेऱ्यांनंतर) पेशीचे स्वतःचे नॅनॉग चालू आहे का, हे तपासतो.

व्हॅल्प्रोइक आम्ल हिस्टोनवरील (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरील) ॲसिटिल गट काढणारी विकरे रोखते, म्हणून क्रोमॅटिन सैल होऊन मूलपेशी घडण्याची कार्यक्षमता वाढते. परंतु मात्रा वाढवून वेळ वाचवू पाहणारे पेशीच मारतात. मला क जीवनसत्त्व अधिक पसंत आहे, कारण ते मेथिल खुणा काढणाऱ्या विकरांना साहाय्य करते.

फार पॅसेज झालेले फायब्रोब्लास्ट (त्वचेतून घेतलेल्या संयोजी ऊतीच्या पेशी) वापरू नयेत. मायकोप्लाझ्मा या संवर्धनात छुपेपणे शिरणाऱ्या जिवाणूची चाचणी कधीही टाळू नये. सुरुवातीच्या पॅसेजमध्ये मूळ ऊतीच्या मेथिल खुणा उरलेल्या असू शकतात, त्यामुळे तेव्हाच्या विभेदन चाचणीवर (मूलपेशींपासून इतर प्रकारच्या पेशी घडतात का, हे पाहणाऱ्या) विसंबू नये. मे महिन्यात खानदेशात खोली ३७ अंशांच्या वर गेली, तर केवळ तापवू शकणारे इनक्युबेटर पेशींना थंड ठेवू शकत नाही. खोलीच वातानुकूलित हवी, आणि तिच्यासाठी जनरेटरही.