घरच्या कॉम्प्युटरसाठी ऑपरेटिंग सिस्टिम निवडताय? या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला, दिवाळीच्या आठवडाभर आधी, विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमचे (म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचे) नेहमीचे मोफत अपडेट थांबले. तेव्हापासून नातेवाईक आणि सोसायटीतले शेजारी मला एकच विचारतात: "लॅपटॉप तर बरा चालतोय, आता यावर टाकायचं काय?" मी उलट विचारते: या लॅपटॉपवर घरात कोण काय करतं? यावर सहसा कुणाकडे उत्तर नसतं, आणि पहिली चूक होते ती इथेच.

आठवडाभर कॉम्प्युटरजवळ एक कागद ठेवा आणि जो जे करेल ते त्यावर लिहू द्या. वीजबिल, बँक, ईमेल, यूट्यूब, मुलांचे ऑनलाइन वर्ग एवढंच असेल तर ही सगळी कामं ब्राउझरमध्ये होतात, म्हणजे कुठलीही सिस्टिम चालेल. पण यादीत टॅली असेल तर विंडोजच ठेवा. जीएसटीसाठी डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर त्याचं सॉफ्टवेअर नव्या सिस्टिमसाठी मिळतं का, ते आधी बघा. मॅकच्या बाबतीतही हेच. मशीन उत्तम असतं, पण महिन्यातून एकदा लागणारं एखादं सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही, हे पैसे भरल्यावर कळून उपयोग नाही.

"विंडोज ११ चालत नाही" म्हणून लॅपटॉप भंगारात

विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे २०१८ च्या आधी घेतलेले बरेच लॅपटॉप बाद होतात. पण कित्येकदा टीपीएम मशीनमध्ये असतं, फक्त बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद असतं. इंटेलच्या मशीनवर ते 'पीटीटी' आणि एएमडीच्या मशीनवर 'एफटीपीएम' या नावाने शोधा. तरी जमलं नाही तर विंडोज १० च्या सुरक्षा अपडेटसाठी घरगुती ग्राहकांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ दिलेली आहे. तेवढ्या वेळात शांतपणे निर्णय घ्या. अटी चुकवून विंडोज ११ बसवायच्या युक्त्या फिरत असतात, पण तशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. घरात एकच कॉम्प्युटर असेल तर हा धोका घेऊ नका.

क्रॅक केलेलं विंडोज तर अजिबात नको. दोन-चार हजार वाचावेत म्हणून 'डॉस'वाला, म्हणजे विंडोज नसलेला, लॅपटॉप घ्यायचा आणि "विंडोज टाकून देतो" म्हणणाऱ्याच्या हाती द्यायचा, हे सर्रास चालतं. ते अ‍ॅक्टिव्हेट करणारं सॉफ्टवेअर चालावं म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. त्यातून आत काय शिरलं हे आपल्याला कळायला मार्ग नाही, आणि त्याच मशीनवर आपण बँकेचा पासवर्ड टाकतो.

न वापरून बघता थेट फॉरमॅट

लिनक्स ही विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत सिस्टिम. तिचे मिंट किंवा उबुंटू हे प्रकार पेनड्राइव्हवरून, हार्डडिस्कला हात न लावता चालवून बघता येतात. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, फक्त त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं. मशीन सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबून बूट मेनू उघडा (कंपनीप्रमाणे बटण बदलतं). मग वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटून परत उघडल्यावर मशीन जागं होतं का, सगळं बघा. वायफाय दिसलं नाही तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये शोधा. प्रिंटरवर एक पान छापूनच बघा. जुन्या स्वस्त लेझर प्रिंटरांपैकी काही लिनक्सवर फार त्रास देतात.

क्रोमओएस फ्लेक्स (गूगलची सिस्टिम) मोफत आहे आणि जुन्या मशीनवर हलकं चालतं. पण त्यात प्ले स्टोअर नाही. मोबाइलवरची अ‍ॅप चालतील या भरवशावर ते घेतलंत तर निराशा होईल.

मराठी फाइलींचा विचार शेवटी

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते, कारण ती माझ्याच हातून झाली. आप्पांच्या लॅपटॉपवर मी मोठ्या हौसेने मिंट बसवलं. त्यांनी भजनी मंडळासाठी कित्येक वर्षं टाइप केलेले अभंग लिबरऑफिसमध्ये (वर्डसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये) उघडले, तर पानभर नुसती इंग्रजी अक्षरं. आप्पा काही बोलले नाहीत, चष्मा काढून स्क्रीनकडे बघत बसले.

फाइल बिघडलेली नव्हती. कृतिदेवसारखे जुने फॉन्ट युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा वेगळा संकेत देणारी पद्धत) नसतात. त्यात 'मराठी' टाइप केलं की आत ई, जे, के, बी, एच हीच अक्षरं साठवली जातात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. म्हणून फॉरमॅट करण्याआधी विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्ट पेनड्राइव्हवर घ्या. नव्या सिस्टिमवर फॉन्टच्या फाइलवर डबल क्लिक करून इन्स्टॉल केलं की मजकूर पुन्हा दिसतो.

कायमचा इलाज म्हणजे सगळं युनिकोडमध्ये आणणं. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. 'कीर्तन'मधला रफार आणि 'विठ्ठल'मधली पहिली वेलांटी हमखास तपासा, कारण जुन्या फॉन्टमध्ये ती वेलांटी अक्षराआधी टाइप होते आणि रफार नंतर. कीबोर्डचंही बघा. इनस्क्रिप्ट ही टायपिंगची रचना विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर मिळते, पण रेमिंग्टनवर (जुन्या टाइपरायटरच्या रचनेवर) हात बसलेल्या माणसाला त्याचा कीबोर्ड मिळतो का, हे पेनड्राइव्हवरूनच तपासा.

दोन्ही सिस्टिम एकत्र ठेवल्यावर

विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी बसवलं की विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडतं. मग लोक मदरबोर्डवरचा सेल बदलायला धावतात. सेल ठीक असतो. लिनक्स मदरबोर्डवरचं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं आणि भारतात फरक येतो बरोबर साडेपाच तासांचा. ते घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवण्याची सोय लिनक्समध्ये आहे, ती चालू करा. विंडोजची ड्राइव्ह लिनक्समधून फक्त वाचता येत असेल, लिहिता येत नसेल, तर विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा.

आणि बायोसमध्ये काहीही बदलण्यापूर्वी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहा. ती नसेल तर फोटो, हिशेब सगळं आतच अडकतं.

आप्पांच्या लॅपटॉपची हार्डडिस्क मी काढली होती आणि मिंट नव्या एसएसडीवर बसवलं होतं, म्हणून त्यांचे फॉन्ट परत मिळाले. ती जुनी डिस्क, वर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवून, अजून कपाटात आहे. तुम्हीही नवी सिस्टिम टाकल्यावर जुनी डिस्क निदान दोन महिने पुसू नका.